दातखीळ: खीळ नेमकी बसते कुठे?

'दातखीळ बसली' म्हणतात, पण खीळ तर दातांत दिसत नाही, मग ती बसते कुठे? आणि 'दातखिळी' हे रूप चूक का? असे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर लगेच देते: दोन्ही रूपं चालतात. आमच्या गिरगावच्या घरात आजी 'दातखिळी'च म्हणायची.

पहिल्या प्रश्नात खरी मजा आहे. खीळ म्हणजे लाकडाची किंवा लोखंडाची मेख. संस्कृत 'कील', प्राकृत 'खील', मराठी 'खीळ'. 'खिळा' याच घरातला, आणि 'अंथरुणाला खिळणे', 'कामाला खीळ बसणे' हेसुद्धा. हलणारी वस्तू जागच्या जागी धरून ठेवते ती खीळ. पण तुम्ही म्हणता तशी ती दातांत नसते. ती असते गालात, मागच्या बाजूला.

हाताने पाहा. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा पुढे दोन बोटं ठेवा आणि दाढांवर दाढा घट्ट दाबा. बोटांखाली सुपारीएवढा कडक उंचवटा टरारून वर येतो. लोकलमध्ये समोरचा माणूस फुटाणे खात असला की हा उंचवटा चालूबंद होताना दिसतो. हा एक स्नायू; डॉक्टर याला मॅसेटर म्हणतात. 'चावणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून हे नाव आलं. गालाच्या हाडाच्या कमानीपासून निघून तो खालच्या जबड्याच्या कोपऱ्यावर बाहेरून चिकटतो आणि आखडला की जबडा वर ओढतो. त्याचे दोन थर पुस्तकांत असतातच; 2021 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी आतला तिसरा थर वर्णन केला. काही मराठी मजकुरांत याला 'गालाचा स्नायू' लिहितात, ते मला पटत नाही. गालाचा स्नायू वेगळा आणि पातळ असतो, फुगा फुगवताना आणि घास दाढांखाली ढकलताना लागतो तो. याला 'चावण्याचा स्नायू' म्हणावं.

आता खीळ. जबडा मिटणारे स्नायू तीन: हा मॅसेटर, कानशिलावरचा आणि जबड्याच्या आतल्या अंगाचा. तोंड उघडणारे स्नायू त्यांच्यापुढे फार दुबळे. धनुर्वातात जंतूंचं विष स्नायूंना सैल सोडणारा मज्जासंस्थेचा इशाराच अडवतं. सगळेच स्नायू आखडतात, पण जबड्यात मिटणारे जिंकतात. दात एकमेकांवर बसतात आणि निघत नाहीत. बघणाऱ्याला दात दिसतात, म्हणून शब्दात दात आले. खीळ मात्र स्नायूंची.

माझी अक्कलदाढ काढली तेव्हा चार दिवस तोंडात जेमतेम दोन बोटं मावत होती. एरवी आपलीच तीन बोटं उभी मावायला हवीत. वरणभातसुद्धा चमच्याच्या टोकाने आत ढकलावा लागे. तेव्हा या शब्दाची किंमत कळली.

गुटखा-सुपारीने तोंड उघडेनासं होतं त्याला मात्र मी दातखीळ म्हणणार नाही. तिथे तोंडाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं, महिनोन्‌महिने. दातखीळ 'बसते', या क्रियापदातच अचानकपणा आहे.

म्हणूनच भीतीसाठी हा शब्द इतका चपखल. 'बोबडी वळली' यात जीभ अडखळते, 'वाचा बसली' यात आवाज जातो, 'दातखीळ बसली' यात जबडाच मिटतो. 'तेव्हा काय दातखीळ बसली होती?' असं आई रागावते ते तोंड न उघडल्याबद्दल, तिथे 'बोबडी' चालणारच नाही.

लिहिताना एवढं बघा: 'दातखीळ' मध्ये खी दीर्घ, पण प्रत्यय लागला की 'दातखिळीमुळे', 'दातखिळीने', खि ऱ्हस्व.