क्लार्क यांची मापे घ्या, टेकाडांचे वय नको

प्रश्न : वेल्समधल्या कार्डिफला शिकणाऱ्या मुलीने जॉर्ज टी. क्लार्क यांचे इंग्लंडच्या मध्ययुगीन किल्ल्यांवरचे दोन खंड (१८८४) धाडले आहेत. मुंबई-ठाणे रेल्वेशी नाव जोडलेले क्लार्क ते हेच का? हे खंड हाताशी धरून किल्ले पाहावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होय, तेच. अभियंते ब्रुनेल यांच्या हाताखाली ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर काम केल्यावर ते १८४३च्या सुमारास मुंबईत आले आणि ठाण्याकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांनी मांडली. १८५३ साली गाडी धावली तेव्हा मुख्य अभियंता मात्र जेम्स बर्कली होते. क्लार्क यांनी पुढे वेल्समध्ये डाउलाइसचा लोखंड कारखाना सांभाळला.

खंड जरूर न्या. भार आणि पाया यांविषयी त्यांचे म्हणणे आजही पटते. कार्डिफच्या किल्ल्यात भराव घालून रचलेल्या मातीच्या टेकाडावर बारा कोनांची नुसती कडेची भिंत आहे, भरभक्कम चौकोनी बालेकिल्ला नाही. भरावाची माती वर्षानुवर्षे आणि कमीजास्त दबते. तिच्यावर जड इमारत चढवली की भिंती फाटतात. यॉर्कचा क्लिफर्ड्स टॉवर चौदाव्या शतकात असाच तडकला.

घोटाळा आहे तो टेकाडांच्या वयाचा. दहाव्या शतकाच्या आरंभी मध्य इंग्लंडवर राज्य करणाऱ्या एथेलफ्लेड राणीने टॅमवर्थ, वॉरिक इथे तटबंद्या उभारल्याची जुनी नोंद आहे. तिथेच टेकाडेही दिसतात, म्हणून क्लार्क यांनी ती तिचीच मानली. पण राणीची तटबंदी अख्ख्या वस्तीसाठी होती. टेकाडावर मावते एकट्या सरदाराचे बिऱ्हाड. वॉरिकला किल्ल्याच्या जागेपायी चार घरे उजाड झाल्याची नोंद १०८६च्या डूम्सडे दप्तरात, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, आहे; म्हणजे किल्ला तेव्हा नवाच होता. किल्ल्यांच्या अभ्यासक एला आर्मिटेज यांनी १९१२ साली असे पुरावे एकत्र मांडले आणि ही टेकाडे १०६६ साली फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकल्यानंतरच्या नॉर्मन सरदारांची ठरली.

कार्डिफहून केअरफिली जवळच आहे. तो किल्ला सोडू नका. १२६८ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा बाहेरचा तट ठेंगणा, आतला उंच; त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी बाण सोडता येत. पूर्वेच्या बांधाने पाणी अडवून तळी केली आहेत. बांध फुटला तर किल्ल्याचे निम्मे बळ गेले, म्हणून त्या बांधालाच बुरूज आणि दरवाजे दिले आहेत. इथे क्लार्क यांचा नकाशा उघडून एकेक भिंत ताडून पाहा. १९२८ ते १९३९ या काळात इथे मोठी पुनर्बांधणी झाली. आज उभे असलेले काही नकाशात सापडले नाही, तर ते नंतरचे आहे का, हे आधी तपासा.