थारसाठी ३०,००० रुपयांत विंच आणि रिकव्हरीचं सामान बसवायचं आहे. स्वस्तातली इलेक्ट्रिक विंच घ्यावी का?

तुम्ही पावसाळ्यात मावळ-मुळशीच्या कच्च्या रस्त्यांवर जाता आणि बजेट ३०,००० आहे, हे धरून सांगतो. एवढ्या पैशांत इलेक्ट्रिक विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत फसलेली गाडी ओढणारं मोटरचं यंत्र, घेऊ नका. हाताने चालवायची विंच घ्या आणि उरलेले पैसे पट्टे, शॅकल (पट्टा किंवा दोर जोडायची पोलादी कडी) आणि हवेच्या पंपात घाला.

इलेक्ट्रिक विंच तेवढ्यात येते की नाही, हा प्रश्नच नाही. तिच्या मागून येणारा खर्च कोणी सांगत नाही. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट होणारी जाड प्लेट लागते, बॅटरीपर्यंत जाड केबल लागते, मध्ये कट-ऑफ स्विच लागतो. पोलादी दोरासकट विंच ३५-४० किलोची, म्हणजे पुढच्या स्प्रिंगा दबणार. पूर्ण ताणावर ती ४०० अँपिअरच्या आसपास करंट ओढते. तेवढं अल्टरनेटर देऊ शकत नाही, बाकीचं बॅटरीतून जातं. त्यात बंपर बदलायचा मोह झाला तर गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि क्रॅश गार्डविरुद्ध (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी दांड्यांविरुद्ध) कारवाई करा असं केंद्राने २०१७ साली राज्यांना कळवलेलं आहे.

तरी पुढेमागे घ्यायची झालीच, तर आकडा नीट वाचा. माणसं-सामानासकट गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमता हवी. भरलेली थार सव्वादोन टन धरली तर साधारण ७,५०० पौंड निघतात, म्हणून ९,५०० पौंडांची विंच योग्य. पण डब्यावर छापलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर असतानाची असते. दोर जितका गुंडाळलेला राहील, तितकी ती दर थराला कमी होत जाते. उलट चिखल मागणी वाढवतो. सैन्याच्या रिकव्हरीतला ठोकताळा असा: चाकं बुडाली तर गाडीच्या वजनाइतका ओढा लागतो, मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट. म्हणूनच स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडून दोर अडकवता येणारी कप्पी, विंचसोबतच घ्यायची. ओढण्याची ताकद जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा.

स्वस्त विंचमध्ये गिअर सहसा टिकतात. पाणी आत जातं, मोटरचा करंट चालू-बंद करणारी सोलेनॉइडची पेटी दगा देते आणि वायरलेस रिमोट ऐन वेळी बोलत नाही. आपल्याकडे चार महिने सगळं ओलंच असतं, तेव्हा सीलिंगवर लक्ष द्या आणि वायरचा रिमोट सोबत असलेलीच घ्या.

आता हाताची विंच. टिरफॉर पद्धतीचं यंत्र बघा, ज्यात दोर यंत्राच्या आरपार जातो आणि लांब दांडा मागेपुढे करायचा असतो. विजेच्या तारा ओढणारे आणि बांधकामावरचे लोक तेच वापरतात. दीड-दोन टनांचं यंत्र कप्पीसोबत थारला पुरतं. घाम निघतो, वेळ लागतो, पण बॅटरी लागत नाही, आणि गाडी मागच्या बाजूनेही ओढता येते. मला हा फायदा सर्वांत मोठा वाटतो, कारण फसल्यावर सुटकेचा रस्ता बहुतेक वेळा आलो त्याच दिशेला असतो. पुढे बसवलेली विंच तिथे फारशी कामाची नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर अशी औद्योगिक दुकानं आहेत. तिथे हातात घेऊन बघा, वजन उचलण्याची मर्यादा कोरलेली आहे का तपासा.

पैसे कुठे वाचवायचे? जी वस्तू ताणाखाली येत नाही, तिथे. फावडं, कुदळ, पहार गावच्या बाजारातून घ्या. काळ्या चिखलात चाकापुढची माती काढायला आपल्या फावड्याइतकं चांगलं काही नाही, घडीचं शोभेचं फावडं नको. हवेचा पंप मध्यम किमतीचा चालेल, फक्त थेट बॅटरीला चिमटे लावणारा हवा, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा नको. टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की अर्ध्याअधिक वेळा विंचची गरजच उरत नाही. पण डांबरीवर येताच ती परत भरायलाच हवी.

ताणाखाली येणाऱ्या वस्तूत मात्र एक रुपयाही वाचवू नका. शॅकलवर सुरक्षित भाराचा आकडा कोरलेला हवा. पाऊण इंचाच्या चांगल्या बो शॅकलवर ४.७५ टन लिहिलेलं असतं. आकडा नसेल तर ते लोखंड गेटला लावायचं. झटका देऊन ओढायचं असेल तर ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर लागतो. साधा टो पट्टा त्यासाठी नाही. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या गोळ्याला) तर कधीही दोर अडकवू नका. तो तुटून उडाल्याने माणसं गेलेली आहेत. पोलादी दोर ताणलेला असताना त्यावर ओलं गोणपाट टाका, जवळच्यांना दोराच्या लांबीहून जास्त अंतरावर उभं करा. झाडाला थेट दोर बांधू नका, रुंद पट्टा वापरा. साल कापली गेली की झाड मरू शकतं.

हे सगळं घ्यायच्या आधी गाडीखाली वाका आणि गाडी ओढायचे हुक कशाला बोल्ट केलेत ते बघा. चासीला असतील तर ठीक. बंपरच्या पत्र्याला असतील तर पहिला खर्च तिथेच करा.