वाइनचा धंदा करून रशियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारा तो उद्योजक कोण?

बोरिस तितोव. शिक्षण मॉस्कोतल्या परराष्ट्र-संबंधांच्या नामांकित संस्थेत, पहिला पैसा तेल-रसायनांच्या व्यापारातून. नाव झालं ते 2006 मध्ये ‘अब्राऊ-द्युर्सो’ ही वाइनरी घेतल्यावर. काळ्या समुद्रावरच्या नोवोरोसिस्क बंदराजवळची ही वाइनरी 1870 मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याच्या हुकमाने सुरू झाली. तिथे डोंगरात खोदलेल्या बोगद्यांत बाटल्या तोंड खाली करून तिरक्या ठेवतात आणि थोड्या थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ बुचापाशी जमतो. चिकाटीचं काम!

राजकारण मात्र वाइनच्या आधीपासून चालू होतं. 2004 पासून ते ‘देलोवाया रोसिया’ या उद्योजक संघटनेचे प्रमुख होते. 2012 मध्ये पुतिन यांनी त्यांना उद्योजकांच्या हक्कांसाठी लोकपाल नेमलं. 2018 ला ‘पार्टी ऑफ ग्रोथ’तर्फे पुतिन यांच्याविरुद्धच उभे राहिले, मतं मिळाली 0.76 टक्के. आता ज्यांनी नेमलं त्यांच्याशीच लढत म्हटल्यावर ती कितपत खरी, हे तुम्हीच ठरवा. मला तरी तो प्रचार आर्थिक कार्यक्रम खपवण्यासाठीच वाटला. त्याच सुमारास लंडनला जाऊन, खटल्यांच्या भीतीने पळालेल्या रशियन व्यावसायिकांना परत आणायची यादी त्यांनी केली, ती जास्त गाजली.