तिसरा भाग लहानच असू दे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीच्या तिसऱ्या भागाचा खर्डा वाचून काढला. पहिल्या दोन भागांत तू अटकेपासून पानिपतापर्यंत दौड केलीस आणि हा भाग पुण्यातल्या एका वाड्यात, आठ दिवसांत संपतो, म्हणून तुला धास्ती वाटते. मला तिन्हींत हाच जास्त आवडला. शेवटी घुसडलेली किल्ल्यावरची लढाई तेवढी काढून टाक. ती भीतीपोटी आली आहे.

विषय नेमका धरलास. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवराव भाऊसाहेब पडले, पण अनेकांचं मन ते मानेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर कुंकू पुसलंच नाही. आणि 1776 मध्ये ‘मीच भाऊ’ म्हणणारा सुखनिधान रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणात फौज जमवून बसला. तो तोतया होता हे मराठी वाचकाला आधीच ठाऊक असतं. मग रहस्य उरतं ते एवढंच, की त्याला खरा मानण्यात कुणाचा स्वार्थ होता आणि कुणाची नुसती आस. हे उकलायला फौजफाटा कशाला हवा? तुझा दफ्तरातला कारकून पुरे. नाना फडणीसांनाही एकाच प्रसंगात आण, तेही थोडं बोलून जाऊ देत.

आता त्या बनावट पत्राबद्दल. कारकुनाला ते खोटं असल्याचं ‘का कोण जाणे जाणवलं’ असं लिहिलंस, ते मला पटलं नाही. जाणवलं कसं, हीच तर तुझी गोष्ट! मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढतात, मग बोरूने तिच्याखाली अक्षरं धावतात, शब्दांत जागा सोडत नाहीत. मजकूर संपला की ‘मोर्तब सूद’ किंवा ‘लेखनसीमा’चा शिक्का उमटतो, म्हणजे खाली कुणी आणखी ओळ घालू नये. तुझ्या पत्रात शिक्क्याच्या अगदी वर एक ओळ दाटीवाटीने बसवलेली दिसू दे. शाई तीच, पण अक्षरं आखडलेली. शिवाय सुहूर सन, म्हणजे पेशवाईच्या कागदांवरचं अरबी आकड्यांचं साल, जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्र लागलं की बदलतो. मृगाआधीचं म्हणून दाखवलेल्या पत्रावर ‘सबा सबैन’, म्हणजे सत्याहत्तर हे मृगानंतरचं नवं साल पडलं, की ते मागाहून लिहिलंय हे जाणता कारकून ताडेल. हे दोन पुरावे एकाच रात्री, समईच्या उजेडात सापडू देत. ते प्रकरण लांबलं तरी चालेल, तिथे घाई करू नकोस.

पार्वतीबाईंच्या प्रसंगाला मात्र हात लावू नकोस. पत्र खोटं ठरल्याचं सांगायला कारकून दाराशी उभा राहतो, आतून बांगड्या वाजतात आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिथेच भाग संपव. पुढची चार पानं नकोत.

रविवारी सकाळी ये. माझ्याकडे एका जुन्या मोडी गहाणखताची प्रत आहे, ती वाचायला बसू. बोरू मी तासून ठेवते.

तुझ्या,
बाई