कंपनीच्या खर्चाने साओ पाउलो, मग बायकोला घेऊन रिओ: पर्सनल लोन काढू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडचे एक वाचक, ऑटो कंपनीत नोकरी, सप्टेंबरमध्ये ऑफिस त्यांना आठवडाभर ब्राझीलला साओ पाउलोला पाठवतंय. त्यांचं तिकीट-हॉटेल कंपनीचं. तर काम संपल्यावर बायकोला बोलवून घेऊन चार रात्री रिओ दि जानेरो बघून यायचं म्हणतात, मुलगी आजीकडे राहील. बजेट काढलंय 3 लाखांचं: वहिनींचं तिकीट 1 लाख 30 हजार, तिथली विमानं 30, हॉटेल 40, फिरणं-खाणं 50, व्हिसा-इन्शुरन्स वगैरे 20 आणि शॉपिंग 30. आता हे पैसे पर्सनल लोनने उभे करू, लिक्विड फंडातले (लगेच काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडातले) 4 लाख मोडू, की एसआयपी सहा महिने थांबवू, असं विचारतात.

तर आधी उत्तर देऊन टाकतो, जा. एरवी पुण्याहून दोघं चार रात्रींसाठी रिओला जातो म्हणाला असतात तर मी सरळ नको म्हणालो असतो, येण्याजाण्यातच दोन-तीन दिवस जातात आणि दोन तिकिटांतच बजेट संपतं. पण इथे एक तिकीट कंपनी काढतेय, म्हणजे अर्ध्या किमतीत ट्रिप पडतेय आणि असा योग परत येईलच असं नाही. फक्त लोन काढून जाऊ नका.

3 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो साधारण 14,400, व्याज जातं 45 हजारांच्या वर, त्यात 2 टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी धरा, म्हणजे 50 हजार नुसते उसनवारीचे. तेवढ्यात रिओतला तुमचा फिरण्या-खाण्याचा सगळा खर्च निघतो हो! लिक्विड फंडालाही हात लावू नका, होमलोनच्या हप्त्यासकट तुमचा महिन्याचा खर्च 75 हजार आहे म्हणता, म्हणजे 4 लाख हे जेमतेम पाच महिने पुरणारे पैसे आहेत, त्यातले 3 काढले तर मागे काय राहिलं? एसआयपी थांबवणं हे मात्र लोक समजतात तेवढं पाप नाहीये, चार महिने थांबवून परत चालू केली तर आभाळ कोसळत नाही, पण तुम्हाला तीही गरज पडणार नाही असं दिसतंय.

कारण एप्रिलमध्ये 2 लाख बोनस येणार असं तुम्हीच लिहिलंय. टॅक्स कापून हातात साधारण 1 लाख 40 हजारच येतील हे धरून चला, त्यातून तिकीट निघालं. शिवाय महिन्याला 18 हजार शिल्लक पडतात, ते मार्चपासून ऑगस्टपर्यंत वेगळ्या खात्यात टाकलेत तर 1 लाख 8 हजार. झाले 2 लाख 48 हजार. ऑफिसचा रोजचा भत्ता मी यात धरलेलाच नाही. तेव्हा 3 लाखांचं बजेट अडीचवर आणायचं, एवढंच काम उरतं, आणि ते मला अवघड वाटत नाही.

पहिली गोष्ट, एचआरला विचारा की तुमचं परतीचं तिकीट साओ पाउलोऐवजी रिओहून काढतील का, भाड्यातला फरक तुम्ही भरा. एमिरेट्सचं विमान रिओहूनही दुबईला जातं, वहिनींचंही तसंच काढायचं, उतरायचं साओ पाउलोला आणि परत चढायचं रिओत. मग तिथल्या तिथे एकच बाजूचा प्रवास राहतो, 30 चे 12 हजार होतात. त्यातही काँगोन्यास ते सांतोस दुमोंत असं विमान घ्या, दोन्ही विमानतळ शहरात आहेत, टॅक्सीचे पैसे वाचतात. एचआर नाही म्हणालं तर रिओहून परत ग्वारुल्योसला, म्हणजे साओ पाउलोच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, यावं लागेल, आणि ती दोन तिकिटं वेगळी असतात हे लक्षात ठेवा, पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं सुटलं तर कोणी भरपाई देत नाही, म्हणून आदल्या दिवशीच येऊन राहा.

हॉटेल कोपाकबानाला समुद्रासमोर घ्यायचा हट्ट नको, बोताफोगो या भागात घ्या, मेट्रो आहे, चार रात्री 30 हजारांत बसवता येतील. फक्त बुकिंग करताना तारखा बघा, 7 सप्टेंबर त्यांचा स्वातंत्र्यदिन, आणि रॉक इन रिओ हा मोठा फेस्टिव्हल एक वर्षाआड सप्टेंबरमध्येच असतो, त्या दिवसांत सापडलात तर हॉटेलचं गणित कोलमडलं.

एजंटने इग्वासूचा धबधबा जोडलेलं पॅकेज दिलंय ते सोडून द्या. धबधबा भारीच आहे, वाद नाही, पण चार रात्रींत ते बसवायचं म्हणजे दोघांचं आणखी विमानभाडं आणि रिओ अर्धं बघून सोडायचं. वर परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर पैसे अडकून राहतात. रिओतच बघण्यासारखं भरपूर आहे. येशूचा पुतळा 1931 सालचा, 710 मीटर उंच कोर्कोवादोवर, वर जायला दातेरी रुळांची ट्रेन आहे, पण ढग आले की वर जाऊन पुतळाच दिसत नाही, म्हणून हवामान बघून पहिल्या मोकळ्या दिवशी जा, पुण्यातून महिनाभर आधी वेळ ठरवून तिकीट काढू नका. शुगरलोफची केबलकार, सांता तेरेझाची जुनी ट्राम, सेलारोनच्या पायऱ्या, आणि बीचवर बसायला तर काही पैसे पडत नाहीत (एक जुना फोन न्या बरोबर, तिथे हातातला फोन हिसकावून पळतात).

पैसे नेताना डॉलरचं फॉरेक्स कार्ड नको. रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे रेआइस (ब्राझीलचं चलन), दोनदा कात्री लागते. साध्या क्रेडिट कार्डवर साडेतीन टक्के मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावरचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लागू शकतो, त्यापेक्षा झिरो मार्कअपवालं एखादं कार्ड आत्ताच काढून ठेवा, तिथे जवळपास सगळीकडे कार्ड चालतं. आणि मशीनने रुपयात बिल करू का विचारलं तर नाही म्हणा, रेआइसमध्येच करा.

आता ज्यात काटकसर करायची नाही ते. यलो फीव्हरची लस दोघांनी निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य सेंटरवरच घ्यायची, लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं, म्हणजे तेवढ्या सुट्ट्या पण गेल्या. आणि ऑफिसचा ट्रॅव्हल इन्शुरन्स बहुतेक वेळा ड्युटीच्या तारखांपुरताच असतो, रिओच्या दिवसांचा तुमचाही वेगळा काढा, फक्त वहिनींचा काढून थांबू नका. व्हिसा-इन्शुरन्सचे 20 हजार तसेच ठेवा, शॉपिंग 30 वरून 15 वर आणा, फिरणं-खाणं 43, बेरीज अडीच लाखच येते. एलटीएमध्ये, म्हणजे कंपनीच्या प्रवासभत्त्यावरच्या करसवलतीत, बसेल का असंही विचारलंय, नाही बसणार, ती सूट भारतातल्याच प्रवासाला आहे.

राहता राहिला बोनस. तो मेअखेरपर्यंत खात्यात आला नाही तर वहिनींचं तिकीट काढू नका. तुम्ही एकटे दोन दिवस रिओ बघून या, घरी काय ऐकून घ्यावं लागेल ते माझ्या सल्ल्यात येत नाही. एचआरचं उत्तर आलं की रिओहून परतीच्या दोन्ही तिकिटांचे भाव पाठवा, बघून सांगतो.