नमुन्यावर घोड्याचं नाव नसतं

प्रिय,

अनेक आशीर्वाद. शर्यतीच्या घोड्यांचे नमुने तपासायचं काम तुझ्याकडे आलं, फार आनंद झाला. पत्रात मास स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राचं, तोंडभरून कौतुक आहे, आणि ते खरंच आहे. पण हल्ली सापडणं सोपं झालंय. सापडल्याचा अर्थ लावणं अवघड.

2021 ची केंटकी डर्बी, अमेरिकेतली मोठी शर्यत, घे. मेडिना स्पिरिट नावाचा घोडा पहिला आला आणि त्याच्या रक्तात मिलिलिटरमागे 21 पिकोग्रॅम बीटामेथासोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड, निघालं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. घोड्याच्या बाजूचे म्हणाले, त्वचेच्या मलमातून आलं. पंचांनी मलम की इंजेक्शन हा भेद मानला नाही. 2022 मध्ये विजेतेपद गेलं. भांडण रंगलं ते मुख्यतः आकड्याच्या अर्थावरून.

शून्याचा आग्रह सगळीकडे चालत नाही. लसूणघास खाल्ली तरी लघवीत सॅलिसिलिक आम्ल उतरतं, म्हणून त्याला मिलिलिटरमागे 750 मायक्रोग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. कोबाल्ट तर बी-12 जीवनसत्त्वातच असतं. लघवीत त्याची मर्यादा मिलिलिटरमागे 100 नॅनोग्रॅम. घोडा लवकर थकू नये म्हणून खाण्याचा सोडा नळीनं पोटात घालतात, त्याला 'मिल्कशेक' म्हणतात. तिथे रक्तरसातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजायचा; लिटरमागे 36 मिलिमोलच्या वर गेला की प्रकरण उभं राहतं. हा नमुना मात्र रेंगाळू देऊ नकोस. वायू निघून जातो, आकडा उतरतो आणि सोडा पाजणारा सुटतो.

माझ्या उमेदवारीतली गोष्ट. एका नमुन्याच्या आलेखात, यंत्रातून कॅफीन बाहेर पडतं बरोबर त्याच वेळेला, छोटा पीक, म्हणजे उंचवटा, दिसला. मी धावत वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी एवढंच विचारलं, "याच्या आधी काय सोडलं होतं?" आधी यंत्रात तीव्र स्टँडर्ड, म्हणजे कॅफीनचं माहीत असलेलं द्रावण, सोडलं होतं, आणि मध्ये ब्लँक, म्हणजे औषध नसलेला कोरा नमुना, घ्यायचं राहून गेलं होतं. सुईत उरलेलंच पुढच्या रनमध्ये आलं होतं. तो अहवाल गेला असता तर एका निर्दोष ट्रेनरच्या नावावर डाग लागला असता. त्याची लाज अजून जात नाही.

म्हणून संशय आला की बाटलीतून नवा भाग घे, आधी ब्लँक, शेजारी स्टँडर्ड. पीकची वेळ आणि आयनांचं, म्हणजे यंत्रात रेणूचे जे भारित तुकडे होतात त्यांचं, गुणोत्तर, दोन्ही जुळल्याशिवाय तोंड उघडू नकोस. बी नमुन्याचं, म्हणजे राखून ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीचं, सील तर अजिबात फोडायचं नाही. दुसऱ्या तपासणीसाठी तोच तेवढा उरतो.

याचा अर्थ बिचकायचं असा घेऊ नकोस. 2012 मध्ये अमेरिकेत घोड्यांमध्ये डर्मॉर्फिन सापडलं. मुळात ते दक्षिण अमेरिकेतल्या बेडकाच्या कातडीतलं, मॉर्फिनहून कितीतरी जहाल. दुखणं दडपलेला घोडा चिरलेल्या हाडावरही जीव तोडून पळतो, आणि कोसळतो तेव्हा पाठीवरचा जॉकीही कोसळतो. घोड्याला सांगता येत नाही की पाय दुखतोय. ते तुलाच त्याच्या लघवीत वाचायचं आहे.

पहिला आठवडा यंत्रापाशी बसू नकोस. नमुने येतात त्या टेबलावर बस. सील, क्रमांक, तापमान, कुणी दिलं, कुणी घेतलं, सगळं स्वतः नोंदव. तिथे घोड्याचं नाव दिसणार नाही, फक्त क्रमांक. ते विचारूही नकोस.

पहिला संशयित नमुना आला की क्रोमॅटोग्राम, म्हणजे तो पीकचा आलेख, समोर ठेवून दोन तास गप्प बस, मग वरिष्ठांकडे जा.

कळावे, लोभ असावा.