पतीच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडावी का?

कोल्हापूरहून एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांच्या पतींना, वय 43, आठ महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात मेंदूला गंभीर इजा झाली. ते आता चालतात, बोलतात, पण सकाळची गोष्ट दुपारी विसरतात, लवकर थकतात आणि क्षुल्लक कारणाने चिडतात. कंपनीतील त्यांचा 52 हजारांचा पगार बंद झाला आहे. भगिनी स्वतः चाळीस वर्षांच्या असून सहकारी बँकेत सतरा वर्षे नोकरीत आहेत. हातात 41 हजार येतात. समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीने येत्या लोकअदालतीत 22 लाखांवर तडजोड करण्याची तयारी दाखवली आहे. ती रक्कम घेऊन घरकर्जाचे उरलेले 14 लाख फेडावेत आणि राजीनामा देऊन पूर्णवेळ पतींजवळ राहावे, असा त्यांचा विचार आहे.

आपल्या पत्रातील आकडे मी मांडून पाहिले. घरखर्च व मुलाचे शिक्षण 24 हजार, कर्जाचा हप्ता साडेअठरा हजार, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी व औषधे मिळून साडेअठरा हजार. आपण ठरवल्याप्रमाणे केल्यास कर्ज संपेल, पण दरमहा साडेबेचाळीस हजार शिलकीतून काढावे लागतील. तडजोडीतून उरलेले 8 लाख, मुदतठेवीतील साडेसहा लाख, आपला भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून सुमारे 12 लाख 30 हजार, अशी सगळी पुंजी एकत्र केली तरी ती साधारण सव्वापाच वर्षे पुरते, आणि हा हिशेब महागाई व ठेवींवरील व्याज दोन्ही बाजूला ठेवून केलेला आहे. तेव्हा आपण पंचेचाळिशीत असाल, मुलगा महाविद्यालयात असेल आणि बँकेतील नोकरी परत मिळणार नाही.

त्याहून मोठी अडचण पत्रात एका ओळीत आली आहे. जंतुसंसर्गामुळे लांबलेली, कवटीचा काढलेला भाग पुन्हा बसवण्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, आणि फिटचा धोका असल्याने औषधे चालू आहेत. हा खर्च आपल्या बँकेच्या सामूहिक आरोग्य विम्यातून होणार आहे, ज्यात पती आपल्यामुळे समाविष्ट आहेत. राजीनाम्याबरोबर ते संरक्षण जाईल आणि अशा इजेनंतर नवी वैयक्तिक पॉलिसी मिळणे फार अवघड असते. शिवाय घरकर्ज कर्मचारी सवलतीच्या दराचे आहे. तडजोड काही कारणाने लांबली आणि राजीनामा आधी दिला गेला, तर तो दरही राहणार नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: निदान पुढील वर्षभर नोकरी सोडू नये. मेंदूच्या इजेतील सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, पण ती त्यानंतरही, कित्येकदा दोन वर्षांपर्यंत, संथपणे चालू राहते. पती पुढे कितपत स्वावलंबी होतील हे आज कोणालाच सांगता येत नसताना मागे न घेता येणारे दोन निर्णय एकदम घेणे मला धोक्याचे वाटते.

तडजोडीबाबत तर मी अधिक सावध आहे. लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील करता येत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवताना वार्षिक उत्पन्नाला वयानुसार गुणक लावते. 41 ते 45 वयोगटासाठी तो 14 आहे. पतींची कमाईची क्षमता निम्मी गेली असे ठरले, तरी केवळ या एका सदरात सुमारे 43 लाख 70 हजार होतात. कायम मदतनीस लागणार हे सिद्ध झाल्यास त्याच्या खर्चालाही गुणक लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये काजल विरुद्ध जगदीश चंद या निकालात मान्य केले आहे. हेल्मेट नव्हते, चूक दोघांची होती असे ठरल्यास रक्कम घटेल, हेही खरे. म्हणून वकिलांना नेमका हाच प्रश्न विचारा. मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि स्मृती व एकाग्रतेची न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी हाती आल्याशिवाय आकड्यावर बोलूच नये. चालता-बोलता माणूस पाहून समोरच्यांना इजा किरकोळ वाटते; ती दिसते ती तपासणीच्या कागदावरच.

आता दरमहाची तूट. दिवसपाळीचा मदतनीस 16 हजारांत मिळतो असे आपण लिहिले आहे. नोकरी ठेवून तो नेमल्यास खर्च 77 हजार आणि तूट 36 हजार होते. कर्जाची मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवून घेतल्यास, दर सात टक्के धरून, हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास येतो आणि तूट 30 हजारांवर उतरते. मुदतठेव मग एकवीस महिने पुरते. ठेव मोडताना जीव कासावीस होईल, पण ती अशाच दिवसांसाठी केलेली असते. शस्त्रक्रियेच्या काळात शिल्लक रजा, ती संपल्यास बिनपगारी रजा घ्यावी. “बायको असताना परका माणूस कशाला” असे सासूबाई म्हणतात. त्यांना हे आकडे शांतपणे दाखवावेत. आणि एक गोष्ट मी हिशेबाबाहेर जाऊन लिहितो: चिडचिड व विस्मरण चोवीस तास सोसणारा माणूस खचतो, तेव्हा बँकेतले आठ तास आपल्यालाही हवे आहेत.

पतींनी फोनवरून एकाच आठवड्यात दोन ड्रिल मशीन मागवल्या, हे त्यांच्या स्वभावाचे नव्हे तर इजेचे लक्षण असू शकते. आवेगावरचा ताबा सुटणे अशा रुग्णांत नेहमी आढळते. त्यांचा फोन काढून घेऊ नका. यूपीआय वेगळ्या खात्याला जोडून त्यात दरमहा दोन-तीन हजारच ठेवा, म्हणजे व्यवहार त्यांच्या हाती राहील आणि नुकसान आवाक्यात.

शेवटी कंपनीने पाठवलेला “स्वेच्छा राजीनाम्याचा” मसुदा. त्यावर पतींची सही होऊ देऊ नका. त्यांना मजकुराचा अर्थ कळतो का, हे आधी न्यूरॉलॉजिस्टकडून लेखी घ्या, आणि तडजोडीच्या कागदालाही तेच लागू आहे. नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आल्याचे ठरल्यास कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 खाली वयाच्या 58 ची वाट न पाहता निवृत्तिवेतन मिळू शकते. “वैयक्तिक कारणास्तव” असे लिहून दिल्यास तो दावा उगाच अवघड होईल. कंपनीचा सामूहिक अपघात विमा होता का, तेही या आठवड्यातच लेखी विचारा, कारण अशा दाव्यांना कळवण्याची मुदत असते.